स्पंजचा दुसरा थर

मिलिंद गेल्याचा फोन सकाळी आला. सुषमावहिनी बोलत होत्या, आणि सांत्वनाचा एकही शब्द सुचायच्या आधी माझ्या तोंडून निघालं, “गाडीवर होता का?” मग त्या म्हणाल्या, “नाही भाऊजी. घरीच. झोपेत.” आणि मला हायसं वाटलं... मित्र गेला होता आणि मी अंबरनाथच्या माझ्या घरात रिसीव्हर धरून सुटकेचा श्वास घेत होतो. ती सुटका बदलापूरला पोचेपर्यंतच टिकली. हेंद्रेपाड्यात त्याच्या दारापुढे गाडी उभी होती आणि तिचा किकचा दांडा बाहेर काढलेला होता. आदल्या संध्याकाळी कुणीतरी ती चालू करायला बघत होतं. ते कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

ही मोटरसायकल त्याच्या वडिलांची. साठच्या दशकातली, दोन सिलिंडरची, दोन कार्बोरेटरची. आंबेडकर जयंतीला ती पुसून, निळा झेंडा लावून मिरवणुकीच्या पुढे न्यायचा मान वडिलांकडून मिलिंदकडे आला होता. आम्ही दोघे कारकून माणसं, पाना हातात घ्यायचो तो रविवारी, आणि पानापेक्षा तोंडच जास्त चालायचं. दोन वर्षांपूर्वी त्याची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी गाडी बंद केली नाही, पण दमायचं नाही, दामटायची नाही, असं बजावलं. त्याच उन्हाळ्यात गाडीच्या एअर फिल्टरचा कागद हातातच भुगा होऊन आला. तसला फिल्टर आता कुठे मिळणार? म्हणून आम्ही उल्हासनगरला गेलो.

दुकानदाराने काउंटरवर दोन चकचकीत, शंकूच्या आकाराचे फिल्टर ठेवले. फिल्टरची जुनी पत्र्याची पेटी काढून टाकायची आणि प्रत्येक कार्बोरेटरच्या तोंडाला एकेक लावायचा. “साईं, ये लगाओ, फिर देखो, गाडी उडेगी,” तो म्हणाला. मिलिंदने ते हातात घेऊन लहान मुलासारखे उलटसुलट करून पाहिले. पेटीतून हवा घेणं म्हणजे नाकाला रुमाल बांधून पळणं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, मग पावसात काय करणार? “पावसात नाक वर करून पळेल,” तो म्हणाला, “तुझ्यासारखी.” मी गंभीरपणे त्याला समजावलं, की हवा वाढली तर पेट्रोलही वाढवावं लागतं, कार्बोरेटरात पेट्रोल सोडणारी मोठ्या भोकाची जेट लागतात, नाहीतर इंजिन तापून जाम होतं. हे सगळं खरंच होतं. पण बाजूच्या दुकानात जेट विचारायला मी एकटा गेलो, जेट होती, आणि बाहेर येऊन मी नाहीत म्हणून सांगितलं.

कारण वहिनींनी मला आदल्या रविवारी स्वयंपाकघराच्या दाराशी थांबवलं होतं. “तुमचं ऐकतात ते,” त्या हळूच म्हणाल्या. “त्या गाडीला जास्त जोर येऊ देऊ नका.” गाडी विका म्हणायची त्यांची हिंमत नव्हती, सासऱ्यांची आठवण होती ती. आणि खरं सांगायचं तर भीती फक्त त्यांचीच नव्हती. मागच्या सीटवर मी बसायचो.

मग आम्ही पेटी तशीच ठेवून तिच्यात तेल लावलेला स्पंज बसवायचं ठरवलं. स्पंज कापायचं काम माझ्याकडे आलं. मिलिंद हात धुवायला आत गेला तेव्हा मी एकाऐवजी दोन थर घातले, तेलही सढळ हाताने लावलं, आणि पेटी बंद केली. हवा कमी मिळेल, गाडी गुदमरेल, पळणार नाही. झालं, वहिनींचं काम झालं. आपण एका माणसाला वाचवतोय, असंच मला त्या वेळी वाटलं होतं.

गाडी पळेनाशी झाली. बारवी धरणाकडच्या चढावर ती भकभक काळा धूर सोडायची आणि मिलिंद बाजूला घेऊन थांबायचा. दर रविवारी काळे पडलेले प्लग घासायचा. “म्हातारी झाली रे सुध्या,” तो एकदा टाकीवर हात ठेवून म्हणाला. “आम्हा दोघांनाही आता चढ झेपत नाही.” मी मान डोलावली... तेव्हा बोलायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे वहिनींचं नाव निघणार, आणि मला वाटलं, संथ चालतोय ना, चालू दे. एक गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. हवा कमी पडलेली गाडी नुसती हळू चालत नाही, ती चालूच होत नाही. प्लग भिजतात. मग किक मारत राहावं लागतं, आणि मिलिंद तर ती रोज संध्याकाळी काढायचा. ज्याला दमू नको म्हणून सांगितलंय, त्याला मी रोज संध्याकाळी दमवत होतो. शेवटच्या महिन्यात मी त्याला घामाघूम झालेला पाहिलं, तरी सगळा दोष उकाड्याला दिला.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतरच्या रविवारी वहिनींनी बोलावलं. गाडीला गिऱ्हाईक येणार होतं, निदान चालू व्हायला हवी होती. त्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्यासमोर पेटी उघडली, वरचा थर ओढून काढला, खालचा रॉकेलमध्ये धुऊन पिळला, नवे प्लग लावले. चालू होऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं. दुसऱ्याच किकला ती चालू झाली, आणि सगळी गल्ली भरून गेली.

“एवढ्यातच?” वहिनी म्हणाल्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. जेट होती तेही, दोन थरांचंही. इंजिनच्या आवाजात मला थोडं मोठ्यानेच बोलावं लागलं. मी विचारलं, त्या संध्याकाळी तो किती वेळ किक मारत होता? त्या म्हणाल्या, “मी आत भाकऱ्या करत होते, आवाज येत होता, मग बंद झाला. आत येऊन त्यांनी पाणी मागितलं... डॉक्टर म्हणाले, कधीही होऊ शकलं असतं.” हे त्यांनी मला सांगितलं की स्वतःला, ते मला कळलं नाही.

“सांगितलं तर मीच होतं ना तुम्हाला,” त्या म्हणाल्या.

मी चावीकडे हात नेला. “राहू द्या भाऊजी,” त्या म्हणाल्या, “लगेच बंद करू नका.” किक मारून दमल्यावर तो ज्या पायरीवर बसायचा, तिच्यावर त्या एका कडेला बसल्या, पदर नाकाशी धरून, धुरातच. पायरीची उरलेली अर्धी जागा रिकामी होती. मला तिथे बसायचा धीर झाला नाही. मी गाडीजवळ उभा राहिलो.