बारा पॉइंट सहा

माणसाची विचारपूस करण्याआधी त्याच्या गाडीच्या बॅटरीची विचारपूस करणारा गृहस्थ उभ्या विदर्भात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. कोराडीच्या वीजकेंद्रात उभी हयात काढून निवृत्त झालेले आमचे मामाजी शर्टाच्या खिशात पेन ठेवत नाहीत, व्होल्ट मोजायचं मीटर ठेवतात. गाडी फाटकाशी थांबायचा अवकाश, "या जावईबापू, बॉनेट उघडा!" चहा-पाणी त्यानंतर. बरं, तेवढ्यावर सुटका नाही. नुकतीच चालून आलेली गाडी हमखास खोटं बोलते असं त्यांचं ठाम मत. म्हणून आम्ही मुक्काम करावा आणि सकाळी थंड गाडीचं खरं माप द्यावं! बारा पॉइंट सहा व्होल्ट, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली निघाली तर तर्री-पोहे, आणि बारा पॉइंट दोन भरलं तर पोह्यांसोबत भाषण. मग लोड टाकायचा, म्हणजे हेडलाइट लावा, सेल्फ मारा, आकडा दहाच्या खाली घसरतो का बघा. "बसल्या जागी कोणीही बारा पॉइंट सहा दाखवते जी. काम सांगा, मंग समजते!"

मामींच्या स्वयंपाकघरातला खायचा सोडा भज्यांपेक्षा बॅटरीच्या टर्मिनलवरच जास्त खपला असेल. तिथली पांढरी भुकटी म्हणे कढत पाण्यात सोडा कालवूनच निघते. डबा रिकामा दिसला की मामी कपाळाला हात लावायच्या. "गाडीचे दात घासून राहिला असन बुढा!"

आमच्या लग्नात तर यांनी कहरच केला. पाठवणीची वेळ, बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या, आणि हे फुलांच्या माळा सारून आमच्या गाडीच्या बॉनेटमध्ये शिरले. "अकरा पॉइंट आठ! माही पोरगी या गाडीत बसणार नाही!" सगळ्यांचं रडणं जागच्या जागी थांबलं. आमचा ड्रायव्हर फिदीफिदी हसला, त्याने किल्ली फिरवली आणि गाडी नुसतं टक म्हणून गप्प झाली. शेवटी फेटा सावरत ती ढकलली कोणी? नवरदेवाने. म्हणजे मीच.

मागच्या उन्हाळ्यात धंतोलीच्या दवाखान्यात मामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यांच्या मुलाने पुण्याहून निक्षून सांगितलं होतं, बाबांनी आता गाडी चालवायची नाही, ऑपरेशन झालं की गाडी विकून टाकू. मामाजींनी एकच हट्ट धरला. "तिले दवाखान्यात मीच नेईन. मंग किल्ली घेऊन जा."

मी सोबतीला म्हणून सकाळी आठला पोचलो, तर मामाजी उघड्या बॉनेटपाशी पांढरेफटक पडून उभे.

"पहाटेपासून पंधरा-वीस वेळा चेक केली जी. दर वेळी हेडलाइट लावून, सेल्फ मारून. पैले बारा पॉइंट सहा होती. मंग पाच. मंग तीन. जसजशी उतरली, तसतशी मी अजून चेक केली..."

"आणि इंजिन जरा वेळ चालू ठेवायचं ना, मामाजी!"

"उभ्या गाडीत पेट्रोल काहून जाळू?"

त्यांनी किल्ली फिरवली. टक. जन्मभर लोकांना शहाणपण शिकवलेल्या या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तपासू तपासू मीच मारली तिले," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. माझी गाडी बाहेर उभी होती, पण ते सुचवायला माझी जीभ रेटेना.

तेवढ्यात इस्त्रीची साडी नेसून, हातात फाइल घेऊन मामी आल्या, सरळ दार उघडून पुढच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी याच गाडीत जाईन. जावईबापू, ढकला जी जराशी. तुमाले सवय आहे."

ढकलली बुवा! दुसऱ्या गिअरमध्ये गचका देऊन गाडी सुरू झाली, आणि मला भर उन्हात रस्त्यावर सोडून दोघं तरुण जोडप्यासारखी निघून गेली.

गाडी विकली गेली, पण मामाजींनी बॅटरी काढून ठेवून घेतली. ओसरीत लाकडी फळीवर ती मानाने बसली आहे. आता मामाजींची नजर अधू झालीय आणि मामींना लख्ख दिसतं. त्यामुळे रोज सकाळी मामाजी मीटर लावतात आणि मामी आकडा वाचतात. मागच्या रविवारी मी तिथेच होतो.

"किती वं?"

"बारा पॉइंट सहा."

मी मीटरमध्ये डोकावलो. दहा पॉइंट चार. मामींनी माझ्याकडे बघून, बोलू नका अशी हळूच मान हलवली.

"लोड टाकून बघायचं का, मामाजी?" मी उगीच विचारलं.

"नाही जी," बॅटरीवरून फडकं फिरवत ते म्हणाले. "लई केलं तिनं. आता तिले काम नाही सांगत."

मग त्यांनी मीटर माझ्यापुढे धरलं. "तुमी पाहा बरं, बराबर वाचते ना हे?"

"बारा पॉइंट सहा," मी म्हणालो.