बैलाचा एक मार्क

कोर्टाबाहेर पेंढ्याने भरलेला टेम्पो थांबला, की त्या कोरड्या वासासरशी मला लॉ सीईटीची उत्तरं जाहीर झाली ती दुपार आठवते. वाशिंदच्या कारखान्यातली पाळी करून आलो होतो, अंग ठणकत होतं. बाबा पावसाआधी माळ्यावर पेंढा भरत होते. खालून पेंढ्या देता देता मी त्यांना चुकलेला प्रश्न सांगितला: एकाचा बैल दुसऱ्याच्या शेतात चरला, तर मालक जबाबदार का? मी ‘नाही’ निवडलं होतं. “भात कापलेलं व्हतं का?” बाबांनी वरून विचारलं. “तसं कायच दिलं नव्हतं.” “मंग? कापनी झाली का सगल्यांचीच गुरं मोकली. कोन इचारतो?” मीही तेच धरून चाललो होतो. पुढे त्याच एका मार्काने प्रवेश हुकला, कारखान्यात आणखी एक वर्ष गेलं. त्या दुपारी मात्र बाबा घाम पुसत एवढंच म्हणाले, “पेपर काढनाऱ्याला शेत नसंल रे.” मला हसायचंही त्राण नव्हतं. आता शहापूरला वकिली करतो. गुरांचं भांडण घेऊन कोणी आलं, की कलम बघायच्या आधी माझ्या तोंडून दमल्या आवाजात निघतं, “भात कापलेलं व्हतं का?”