नंदीचा डोळा

आमचे हे भिंती रंगवायचे. लग्नघरं, देवळं, दुकानं. काम निघेल तिथं आमचं बिऱ्हाड. निजामाच्या राज्यात असं हिंडण्यातच माझा जन्म गेला, आणि यांच्याशी जेवढी भांडले ती सगळी त्यापायीच.

लग्न झालं तेव्हा यांची रेघ केसासारखी बारीक. मोराचं पीस न् पीस मोजून घ्यावं! तेलगावकडं शेतकऱ्यांच्या शेणामातीच्या भिंतींवर ती रेघ फुटायची, मग कुंचला जाड झाला. पुढं एका तहसीलदारसाहेबांकडं काम लागलं. त्यांच्या मुसलमानी रिवाजानं माणूस-जनावर काढायचं नव्हतं, नुसती वेलबुट्टी. तिथं एक पावसाळा काढला आणि वेल यांच्या हातात शिरली ती शिरलीच. मग मोराची शेपटीसुद्धा वळसे घ्यायला लागली. मी म्हणायची, "अवो, हा मोर हाय का भोपळ्याचा मांडव?" हे नुसते हसायचे.

म्हातारपणी हात थरथरायला लागला. नेमकं तेव्हाच धारूरच्या एका लिंगायत शेटजींनी बोलावलं. दुकानाच्या भिंतीवर नंदी काढायचा. मनासारखा उतरला तर मागची खोली कायमची आमची. माझा जीव त्या खोलीत अडकला. आता पुन्हा बोचकं बांधायचं बळ माझ्यात नव्हतं.

नंदी झाला, राहिला डोळा. यांचा नेम असा, की डोळा सगळ्यात शेवटी, एका दमात काढायचा आणि फिरून कुंचला लावायचा न्हाई. पूर्वीसारखा टपोरा, बारीक पापण्यांचा डोळा आता या हाताला जमणार न्हाई, हे मला दिसत होतं. शेटजी मागंच उभे.

यांनी जाड कुंचला काजळात बुडवला आणि वेल वळवतात तशी एकच रेघ ओढली. नंदीनं डोळा मिटला होता! हात थरथरलेला रेघेत दिसत होता. मी मनात म्हटलं, गेली खोली.

शेटजी पुढं होऊन त्या डोळ्यापाशी वाकले. मग म्हणाले, "आमचा बैल दुपारचा रवंथ करत असाच बसतो की हो! पापणी बी अशीच हलती त्याची." आणि कमरेची किल्ली काढून त्यांनी यांच्या हातावर ठेवली.

मी तिथंच फतकल मारून बसले आणि रडले.

"आता कशापायी रडतीस?" हे म्हणाले.

"लई बरं वाटलं म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी मातीची चूल घातली. जन्मभर तीन दगडांवर रांधलं होतं; चूल घालायची म्हणजे ती वाळेपर्यंत तरी एका गावात थांबावं लागतं.

"किती दिवस लागतील वाळायला?" यांनी सवयीनं विचारलं.

"लागू द्या की," मी म्हणाले.