फळीखालचे क्रेट

बाबांचा फोन आला तेव्हा मी बुलढाण्याला, कॉलेजच्या लायब्ररीबाहेर चपला घालत होते. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, देऊळगाव राजाच्या बाजारात भाजी उतरवून टेम्पोत बसले आणि बसल्या जागीच गेले. त्याला आता सात आठवडे झाले. संध्याकाळी मी गावी पोचल्यावर कुणीतरी टेम्पो घरी आणून लावला. मागे काहीच नव्हतं. तो रिकामा घरी आलेला मी पहिल्यांदाच पाहिला...

रिकामी गाडी पळवायची नाही, हा त्यांचा नेम होता. जाताना आमच्या मळ्यातली वांगी, कोथिंबीर. येताना कुणाचं खत, कुणाचा पलंग, नाहीतर एसटी चुकलेली माणसं. "हवा वाहून न्यायले डिझेल टाकतो का मी?" म्हणायचे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. सुट्टीत गावी आले की "काय मॅडम, काय शिकून राह्यल्या?" असं चिडवायचे, पण सांगितलेलं नीट ऐकायचे. गेल्या वर्षी इंग्रजीच्या पुस्तकातला एक उतारा मी त्यांना मराठीतून सांगितला. इंग्लंडमधलं एक कुटुंब गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, जोडून खेड्यापाड्यांतून फिरतं. मेंढ्यांच्या कुरणाशेजारी थांबतं, तिथंच चहा करतं, तिथंच झोपतं.

"अन् त्यायचं काम?"

"सुट्टी असते त्यांना."

मग ते मोठ्या आईकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, बघून म्हणाले, "मंग आपल्या गाडीले काय धाड भरली? चाल, तुले लोणार दाखवतो."

मोठी आई लग्न होऊन आली तेव्हापासून लोणारचं तळं पाहायचं म्हणत होती. खाली उतरून, पाण्याजवळ बसून. रस्ता फार लांबचा नाही, पण भाजीचा मळा एक दिवस सोडत नाही. मोठ्या बाबांनी टेम्पोत फळ्या ठोकून पलंग केला, वर ताडपत्री ताणली, कोपऱ्यात गॅसची शेगडी ठेवली. मोठ्या आईनं ठेवणीतली चादर अंथरली. एक रात्र मुक्काम ठरला.

आम्ही तिघं सकाळी निघालो. वाटेत चहा करायला थांबलो तेव्हा मोठ्या आईनं चादरीचं टोक उचललं. फळीखाली वांग्यांचे सहा क्रेट.

"सुट्टीले चाललो का बाजाराले?"

"अवो, बाजार रस्त्यातच हाय. पाच मिनिटं."

वांगी घेणारा व्यापारी त्या दिवशी आलाच नव्हता. मग मोठे बाबा बाजारात स्वतःच विकायला बसले. त्यांचं तोलणं बघवेना म्हणून मोठ्या आईनं तराजू हातात घेतला. दुपार सरली. लोणारला पोचलो तेव्हा खाली जायची वाट बंद झाली होती. तिनं काठावर उभं राहून, डोक्यावरचा पदर धरून, जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. तेवढ्यात घरून फोन आला, सकाळच्या तोडणीला मजूर कमी पडत होते. आम्ही तसेच परत फिरलो. फळ्यांवर कुणी झोपलंच नाही. येताना तिथल्या ओळखीच्या माणसाची खताची पोती मात्र भरली.

"पुढच्या खेपेले रिकामी आणतो, तुह्या गळ्याची शपथ," ते म्हणाले.

"तुमी अन् रिकामी!" मोठी आई हसली. मी हसले नाही. रस्ताभर त्यांच्याशी बोलले नाही. उतारा मी सांगितला होता, म्हणून जास्त लागलं असेल... पुढची खेप झाली नाही. त्या दिवशी दोन शब्द बोलायला हवे होते, असं आता वाटतं.

काल बाबा म्हणाले, वहिनीला लोणारला मुक्कामाला नेऊ. आज मी टेम्पो धुतला, फळ्या पुसल्या, तीच चादर अंथरली. मोठ्या आईला हाक मारून म्हटलं, "बघ, खाली काहीच नाही."

तिनं वाकून बघितलं. मग मळ्यात गेली आणि कमरेवर वांग्यांचा एक क्रेट घेऊन आली.

"मोठी आई, तिथं परत विकत बसायचं का?"

"कोण विकते? भरीत करू तळ्यावर." तिनं क्रेट फळीखाली सरकवला, पायानं नीट आत ढकलला. "त्यायची गाडी रिकामी कशी न्याची, बाई?"

उद्या सकाळी निघायचं आहे. तोडणी परवावर ढकलली आहे.