तबकडीला पाणी लागतं

रफिकभाई गेल्याची बातमी मला हसऱ्या तोंडांच्या रांगेसोबत आली. मोबाईलवर कुणीतरी वीस सेकंदांची चित्रफीत पाठवली होती. त्यात पत्र्याची तबकडी हिरव्यागार हरभऱ्यात उतरते, दार उघडतं, आणि आतले प्रवासी भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर पाय ठेवतात. खाली लिहिलं होतं, "अकोल्याचा अवलिया गेला. हसवून गेला." मी ते तीनदा वाचलं. मग फोन दिवाणावर भिरकावला. हसवून गेला म्हणे! या माणसानं आयुष्यात एकही विनोदी फिल्म केली नव्हती.

आता तीन महिने झाले, पण संताप काही उतरत नाही. त्यातला निम्मा माझ्यावरच आहे, तेही लिहिते.

रफिकभाई अकोल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कूलर बनवायचे. पत्रा कापणं, ठोकणं, पंखा बसवणं, बाजूंना गवताच्या ताट्या लावणं, सगळं स्वतः. फेब्रुवारी ते जून त्यांना मान वर करायला फुरसत नसे. पावसाळा सरला की मात्र हा माणूस अंतराळात जायला मोकळा! दिवाळी झाली की ते घरोघरी यायचे आणि म्हणायचे, "ताई, तुमचा कूलर द्या बरं, चंद्रावर जायचं हाय." गच्चीवर धूळ खात पडलेले दहा-बारा कूलर गोळा करून, उलटेसुलटे जोडून, चांदीचा रंग फासून ते आपल्या फिल्मसाठी यान उभं करत. होळीच्या आधी प्रत्येकाचा कूलर नव्या ताट्या लावून ज्याच्या त्याच्या घरी परत. वर्षानुवर्षं हा रिवाज चालला. आमच्या गल्लीत नव्या ताट्या कुणी विकत आणल्याचं मला आठवत नाही.

कॅमेरा एका लग्नाच्या शूटिंगवाल्याचा, लग्नसराई नसेल तेव्हाचा. बाळापूरचा किल्ला म्हणजे मंगळ. मराठी संवाद मी लिहून द्यायची. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि भाषा शुद्ध असावी असा माझा हट्ट असे. "ताई, मंगळावरचा मानूस इतकं पुस्तकी कायले बोलन?" असं ते विचारायचे, आणि मी ऐकायची नाही.

त्या हरभऱ्याच्या दृश्याचं असं झालं. यान फक्त हिवाळ्यात मिळायचं, कारण कूलर तेव्हाच रिकामे. आणि परग्रहाची जमीन फक्त मेमध्ये मिळायची, कारण काळ्या मातीला भेगा तेव्हाच पडतात. म्हणून 'तबकडी उतरली हिवरखेडात' या फिल्ममध्ये यान जानेवारीत उतरलं आणि माणसं मे महिन्यात बाहेर आली. रफिकभाईंच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही.

हिवरखेडला शाळेच्या खोलीत, खिडक्यांना सतरंज्या लावून, भर दुपारी आम्ही ती दाखवली. कुणी हसलं नाही. संपल्यावर पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "उतरले तवा हिरवंगार होतं, अन् मंग भेगा पडल्या. सारं पानी पेलं काय रे त्याईनं?"

रफिकभाई म्हणाले, "हो माय. कूलरची तबकडी हाय, पानी तं लागतेच."

बस, त्या दिवसापासून ती चूक राहिली नाही, गोष्ट झाली. त्यांनी पुढच्या हिवाळ्यात एक तुकडा नव्यानं घेतला आणि मध्ये जोडला. त्यात यानातले प्रवासी विहिरीवरून बादल्या भरभरून आणतात आणि तबकडीच्या टाकीत ओततात. एकही शब्द नाही. बादल्या ओतत राहतात, आणि मागचं शेत सुकत जातं. मी खूप सिनेमे पाहिलेत. त्या बादल्यांइतकी डोळ्यांपुढून न हलणारी दृश्यं मी फार थोडी पाहिलीत.

लग्नानंतर मी अमरावतीला आले, माहेरचा कूलर घेऊन. तरी दिवाळीनंतर तो अकोल्याला जायचा आणि होळीआधी परत यायचा. तीन वर्षांपूर्वी इथल्या एका सिनेमंडळानं 'वाईट पण मस्त' नावाचा, फसलेल्या फिल्मांवर हसायचा कार्यक्रम ठरवला. मी समितीवर होते. रफिकभाईंचं नाव मीच सुचवलं. पत्रकात 'दिव्य भाबडेपणा' हे शब्द माझेच. पूर्ण फिल्म नको, उतारे दाखवू, असं ठरलं. बादल्यांचा तुकडा लांबतो, काढू या, असं कुणीतरी म्हणालं आणि मी मान डोलावली. मला मंडळाच्या त्या तरुण पोरांत शहाणं दिसायचं होतं, दुसरं कारण नाही.

रफिकभाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून एसटीनं आले होते. पहिल्या रांगेत बसले. हरभरा आला, भेगा आल्या, आणि अख्खं सभागृह हसून लोटपोट झालं. ते मागे वळून बघत होते, पुन्हा पडद्याकडे बघत होते. जिन्यात मला गाठून म्हणाले, "ताई, त्या माउलीनं तं पान्याचं इचारलं होतं. हे शिकलेले लोक काहून हासून राहिले?"

मी म्हटलं, "लोकांना आवडली, रफिकभाई."

"आवडली तं मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि बस पकडायला गेले.

बादल्या मी काढल्या, हे मी त्यांना सांगितलं नाही. कधीच नाही. त्यानंतरही दर होळीआधी ते ताट्यांची गुंडाळी घेऊन यायचे, माझा कूलर नीट करून द्यायचे, चहा घ्यायचे. सिनेमाचं नाव नाही. दिवाळीनंतर कूलर मागायला मात्र कुणी आलं नाही.

परवा त्या मंडळाच्या एका उत्साही पोराचा फोन आला. "मॅडम, श्रद्धांजली म्हणून तेच तबकडीचं दृश्य ठेवू. पब्लिक वेडं होतं. तुम्ही दोन शब्द बोला."

मी दोनपेक्षा बरेच जास्त बोलले. इथे छापता येणार नाहीत. तुमच्यापाशी लाखांचे कॅमेरे आहेत, त्यातून एक बादली तरी दाखवा, एवढं मात्र छापण्यासारखं होतं. त्यानं फोन ठेवला. ठेवू दे.

अकोल्याला भेटायला गेले तेव्हा शकीलाभाभींनी, रफिकभाईंच्या बायकोनं, त्या जुन्या कॅमेऱ्यातली एक कॅसेट माझ्या हातात दिली. "तुमच्या कार्यक्रमाच्या आधीची हाय. अर्धीच झाली," एवढंच म्हणाल्या. मी पाहिली. तबकडी हरभऱ्यात उतरली आहे. दार बंद आहे. दार म्हणजे माझ्या कूलरची एक बाजू, मी ओळखली. पुढे काही नाही... मेमधलं शूटिंग झालंच नाही.

आता मे चालू आहे. ताट्या यंदा मीच बदलायला घेतल्या. ती बाजू काढली तर आतल्या पत्र्यावर लाल रंगात त्यांचं अक्षर : 'दार. मे महिन्यात उघडायचे.'

तो कार्यक्रम झाल्यापासून तीन मे दार न उघडताच गेले. मी रोज सकाळी ती बाजू काढते, ते वाचते, आणि बादलीनं पाणी ओतते.