मोबाइलच्या कव्हरमधला मुलगा

बातमी आली तेव्हा मी पुंडलिकनगरच्या खोलीत टँकरच्या पाण्याची बादली जिन्यावरून वर नेत होते. फोन नसरीनच्या नंबरवरून होता, म्हणून उचलल्या उचलल्या विचारलं, "काय गं, कमबॅकची तारीख आली का?" तिच्या आवडत्या कोरियन गटाचं नवं गाणं यायचं होतं. पलीकडे तिचा भाऊ होता. म्हणाला, नसरीन गेली. मी विचारलं, कुठं गेली?... डोकं दुखतंय म्हणून दुपारी गोळी घेऊन पडली ती उठलीच नाही. डॉक्टर मेंदूतल्या रक्तस्रावाचं काहीतरी सांगत होते. इतके आठवडे झाले, पण 'कुठं गेली' हा प्रश्न मला अजूनही चुकीचा वाटत नाही.

आमची ओळख उस्मानपुऱ्यातल्या अभ्यासिकेत झाली. मी कन्नड तालुक्यातल्या मेंढपाळ घरातली, कॉलेजचं तोंड पाहिलेली घरातली पहिलीच. शहरात नव्या इमारती रोज वर चढत होत्या आणि मी वर्गात तोंड उघडायला भीत होते. नसरीनच्या कानात सतत कोरियन गाणी. गटातला जो पोरगा आपण आपला मानायचा त्याला बायस म्हणतात, हे तिनेच शिकवलं. मी म्हणायचे, मला तर सगळे सारखेच दिसतात. त्यावर ती म्हणाली, "तुझ्या बाबांना कळपातलं प्रत्येक मेंढरू ओळखू येतं ना? मग तूपण नजर कमव." स्टेजवर यायच्या आधी ही पोरं वर्षानुवर्षं घाम गाळतात, तेव्हा त्यांना ट्रेनी म्हणतात. माझं इंग्रजी अडखळलं की ती म्हणायची, तू अजून ट्रेनी आहेस, लाजू नको. पदवीचा निकाल लागला त्या दिवशी ती खवा-जिलेबी घेऊन आली आणि म्हणाली, आज तुझा डेब्यू, स्टेजवरचं पहिलं पाऊल. माझ्या घरात त्या निकालाचा अर्थ कुणाला नीटसा कळला नव्हता. तिला कळला होता.

बायसच्या वाढदिवसाला त्याच्या नावानं चांगलं काम करायचं, असा या चाहत्यांचा रिवाज आहे. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात शहरातल्या पोरी कॅफे सजवून केक कापणार होत्या. नसरीन अडून बसली, केक नको, पाणी देऊ. आणि आमच्या गावात टँकर आला, पुढं गुलाबी केसांच्या पोराचा हा मोठा बॅनर लावून. आमच्या तुकाराम आज्यानं बराच वेळ बॅनर न्याहाळला आणि विचारलं, "ह्यो कोण्या पक्षाचा हाय?" बाबा मेंढरांना हौदाकडं वळवत म्हणाले, "कोण्या का असंना, पाणी गोड हाय." नसरीन हसता हसता हौदाच्या काठावर बसली...

दफन झाल्यावर काही दिवसांनी मी तिच्या घरी गेले. अम्मींनी, म्हणजे तिच्या आईनं, मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. पदराआडून नसरीनचा मोबाइल काढला, कव्हर उचकटलं. आत छोटं जाड फोटोकार्ड होतं. अल्बमसोबत येतं ते. चाहत्या पोरी ते कव्हरमध्ये मागच्या बाजूला ठेवतात. गुलाबी केस, गालावर खळी.

"घरात कुणाकू सांगितलं नाय मी," अम्मी हळू आवाजात म्हणाल्या. "कोण हाय, कुठला हाय, नाय विचारत. येवढंच सांग मंगल बेटा, इसकू किसीने बताया क्या? वाट बघत असंल ना गं तो."

लेकीच्या फोनमध्ये परका पोरगा सापडला, आणि या बाईला राग आला नव्हता. त्याला कळवायचं राहिलं याचा घोर लागला होता. मी सांगितलं, तो दूर कोरियात गातो, नाचतो, जगभर त्याचे चाहते आहेत. त्यांना पटेना. मला वाईट वाटू नये म्हणून बोलतीस, म्हणाल्या. शेवटी मी त्याचं गाणं लावलं. त्यांनी ते पूर्ण पाहिलं.

"म्हंजी हिचं नावबी माहीत नाय त्याला?"

"नाही, अम्मी."

त्यांना हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. पण त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर मोठ्यानं रडल्या. म्हणाल्या, "मला वाटलं होतं, कुणीतरी हाय... तिच्यासाठी रडणारं, तिच्या वयाचं."

मी म्हटलं, आहेत. आणि नसरीनच्या मोबाइलवर चाहत्यांचा ग्रुप उघडला. नागपूरची, इम्फाळची, कुठकुठल्या पोरी विचारत होत्या, नसरीन कुठे आहे, कमबॅकच्या वेळी कधी गायब होत नाही ती. मी लिहिलं. लिहायला फार वेळ लागला. मग उत्तरं येत राहिली. हिंदीतली, मोडक्या इंग्रजीतली. मी इंग्रजीतल्यांचा अर्थ सांगत गेले आणि अम्मी प्रत्येकीचं नाव विचारत गेल्या. कुणी लिहिलं होतं, तिनं मला परीक्षेच्या काळात रोज उठवलं. कुणी नुसतं लिहिलं होतं, खरं नाही ना हे?

चाळिसाव्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. नसरीनच्या खालानं, म्हणजे मावशीनं, मोबाइल उचलला, सैल झालेलं कव्हर उघडून पाहिलं आणि विचारलं, "आपा, हा पोरगा कोण?" मी काही बोलणार तेवढ्यात अम्मी म्हणाल्या, "नसरीनचा बायस हाय. लई मेहनती हाय." मग त्यांनी तो मोबाइल खालाच्या हातातून घेतला, भिंतीपाशी जाऊन चार्जिंगला लावला आणि सगळ्यांना जेवायला बसवलं. त्या मोबाइलची बॅटरी अजून एकदाही उतरू दिलेली नाही त्यांनी. ग्रुपवर पोरी लिहितात, अम्मी वाचतात.