नंदूच्या शेडमधली दोन मानांची गिटार

बाजारातून वस्तू आणली की सोबत पावती येते, घरी बनवली की किस्से येतात. पावती हरवते, किस्से मात्र दरवेळी सांगताना थोडे वाढतात! आमच्या गिटारचं तसंच झालंय. लोणावळ्याच्या तुंगार्लीत नंदूच्या शेडमध्ये कुणीही डोकावलं की "हे काय आहे?" असं विचारतं, आणि मग आमची अख्खी दुपार गेलीच म्हणून समजा.

आधी माणसं सांगतो. नंदू आणि मी, मोहन, आंबीच्या एका कारखान्यात बरोबर लागलो. मी टूलरूमला, तो क्वालिटीला. नंदू म्हणजे आमचा हिरो. गणपतीत, लग्नात, कंपनीच्या गॅदरिंगला गिटार वाजवायचा आणि बायका पुढच्या खुर्च्या धरायच्या. सलीमभाईंचं लोणावळ्याच्या बाजारात मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं, दुकान आहे. आबा सुतार लोहगडवाडीचे. जन्मभर बैलगाडे केले, आता ट्रेकरांसाठी टपऱ्यांची बाकडी ठोकतात.

दीड वर्षापूर्वी नंदूला पॅरालिसिसचा अटॅक आला आणि डावी बाजू गेली. पाय काठीपुरता सुधारला, हातही खांद्यापासून हलायला लागला, पण बोटं काही ऐकेनात. त्याने गिटार भाच्याला देऊन टाकली आणि बोलणं जवळजवळ बंद केलं. मला ते बघवत नव्हतं, खरं सांगतो.

*

नंदूचं एक जुनं स्वप्न होतं. एकाच गिटारला दोन माना, वरची बारा तारांची, खालची सहा तारांची. कॉलेजात असताना त्याने तिचं चित्रसुद्धा काढलं होतं. सलीमभाईंनी आणि मी ठरवलं, आपण ती बनवायची, आणि बनवायची नंदूच्याच स्कूटरच्या शेडमध्ये. माझ्याकडे जागा नाही, अशी थाप मारली. माझ्या घरामागे क्रिकेट खेळता येईल एवढं अंगण आहे, हे नंदूला चांगलं ठाऊक होतं.

त्याने चित्राकडे बघितलं आणि म्हणाला, "सहा तारा वाजवता येत नाहीत मला. अठरा कशाला?"

पण शेडची किल्ली दिली.

*

आबांना शिवणीच्या लाकडाची जाड फळी दाखवली, कागदाचा साचा दिला. आबांनी साचा उलटापालटा केला आणि विचारलं, "भोक कुटं हाय?"

मी सांगितलं, इलेक्ट्रिक गिटारला भोक नसतं, अंग भरीव असतं.

"भोक न्हाई तर आवाज कुटनं यील?"

सलीमभाईंनी मग चुंबक, कॉइल, अँप्लिफायर सगळं समजावलं. चांगली वीस मिनिटं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं, बिडी विझवली आणि म्हणाले, "म्हंजे वाजनार त्ये डबडं. मग लाकूड चांगलं कशापायी आनलं?"



*

जुलैत लाकूड कापलं, ही आमची पहिली अक्कल. लोणावळ्यात जुलैला टॉवेल वाळत नाही, तिथे फळी काय वाळणार? मानेसाठी काढलेल्या पट्ट्या चार दिवसांत केळ्यासारख्या वाकल्या. शेवटी ओळखीच्या एका चिक्कीवाल्याच्या भट्टीवर माळा आहे, तिथे नव्या पट्ट्या ठेवल्या. तीन आठवड्यांत कडकडीत वाळल्या.

आणल्या त्या दिवशीच शेडमध्ये मुंग्यांची रांग लागली. गुळाची वाफ लाकडात मुरली होती! वहिनींनी, म्हणजे नंदूच्या सुनंदाने, टेबलाच्या चारी पायांभोवती हळद टाकली. नंदू तेव्हा घराच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसायचा. पाठ न वळवता म्हणाला, "वाजवणारे मिळाले म्हणायचे."

कितीतरी महिन्यांनी तो काहीतरी तिरकस बोलला होता. मी आणि सलीमभाईंनी हसू दाबून पट्ट्यांवर डोकं घातलं, उगाच हसलो आणि तो आत निघून गेला तर काय घ्या.

*

तारांखालची कॉइल सलीमभाईंनी स्वतः गुंडाळली. केसापेक्षा बारीक तार, हजारो वेढे. दुकानात बसून ते मोठ्याने मोजत होते आणि त्यांच्या बेगम, शहनाजभाभी, दर शंभराला वहीत रेघ ओढत होत्या. सहा हजारांच्या पुढे गेले असताना एक बाई मिक्सर घेऊन आल्या आणि कधी मिळेल म्हणून विचारलं.

सलीमभाई म्हणाले, "सहा हजार चारशे बारा."

बाई म्हणाल्या, "दिवस?"

तार तुटली. भाभींनी वहीचं पान उलटलं, आणि पुन्हा एकपासून सुरू झालं.

*

मानेवर बोटांखाली ज्या बारीक धातूच्या पट्ट्या असतात, त्या फ्रेटच्या खाचा कुठे पाडायच्या याचं ड्रॉइंग मी केलं. टूलरूमचा माणूस, त्यामुळे प्रत्येक माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. आबांना बजावलं की एवढासाही फरक चालणार नाही. आबांनी कानावरची पेन्सिल काढली, ती जाडजूड सुतारी पेन्सिल, आणि पहिली रेघ ओढून मला विचारलं, "रेगंच्या हिकडनं कापू का तिकडनं?"

तीस वर्षांच्या नोकरीत माझी एवढी इज्जत कुणी काढली नव्हती. पायरीवर नंदूची पाठ हसून गदागदा हलत होती. त्या दिवसापासून तो शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागला.

*

आणि मग घोटाळा झाला. दोन्ही माना बसल्या, पॉलिश झालं. तारा चढवून बघतो तर खालच्या मानेच्या टोकाला तारा बसवायची जी पट्टी असते, तिच्या खाचा उलट्या! गिटार हातात धरली की दोन्ही मानांची जाड तार वरच्या बाजूला हवी. आबांनी खालच्या मानेला जाड तारेची खाच तळाला पाडली होती. एक मान उजव्या हाताच्या माणसाची आणि एक डावखुऱ्याची, असा प्रकार.

नंदू खुर्चीतून उठला. काठी न घेता उठला, हे नंतर आमच्या लक्षात आलं. आबांवर असा काही तापला की क्वालिटीतले जुने दिवस आठवले. एवढी साधी गोष्ट, साचा समोर होता, वगैरे वगैरे.

आबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "जोडी हाय न्हवं? मग येक डाव्या अंगाचा, येक उजव्या अंगाचा. दोनी बैल येकाच अंगाचे जुपतंय का कुनी?"

 आबा पिशवी उचलून घरी गेले. नंदू रात्री जेवला नाही, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. अटॅकनंतर पहिल्यांदाच त्याला कुठल्या तरी गोष्टीचं इतकं लागलं होतं.

*

पुढच्या रविवारी दुपारी मी नवीन खाचांची पट्टी घेऊन गेलो. सलीमभाई होते. आबाही आले होते, पण रुसून कोपऱ्यात बसले होते. मी पाना हातात घेतला, तेवढ्यात नंदू म्हणाला, "थांब. आधी जरा इकडे दे."

आम्ही गिटार त्याच्या मांडीवर ठेवली, सलीमभाईंनी अँप्लिफायर जोडला. त्याने ती फिरवली. माना डावीकडे असतात, त्या उजवीकडे गेल्या. आता उलटी मान वर आली आणि तिची जाड तार बरोबर वरच्या बाजूला. आयुष्यभर ज्या उजव्या हाताने तारा छेडल्या, त्या हाताची बोटं त्याने एकेक करून मानेवरच्या तारांवर दाबून ठेवली. मधलं बोट दोनदा घसरलं. डावा हात त्याने खांद्यातून उचलला आणि तारांवर नुसता पडू दिला.

आवाज आला. दोन तारा वाजल्या, तीन नुसत्या खरखरल्या, एक मुकीच राहिली. त्याने बोटं सरकवली आणि हात पुन्हा पाडला. पुन्हा खरखर. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. कपाळावर घाम आला होता. 

आता, आमच्या सगळ्यांत वाईट गिटार वाजवतो तो मी. नंदूनेच शिकवलं होतं आणि नंदूनेच माझा नाद सोडला होता. स्वयंपाकघराची खिडकी शेडकडे उघडते. तिथून वहिनींचा आवाज आला, "मोहनभावजी, पुरे हो आता. इतकी वर्षं झाली, तुम्हाला साधा एक कॉर्ड येत नाही. यांना त्रास होतो ऐकून."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नंदूने मान वर केली.

"अगं, तो नाही," तो म्हणाला. "मी वाजवतोय."

 आत गॅस बंद केल्याचा आवाज आला. वहिनी पिठाच्या हातांनीच शेडच्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

"परत वाजवा," म्हणाल्या.